136 किलोंचा माणूस

वुल्व्हरिनला उडता येत नाही. जाळं फेकून या इमारतीवरून त्या इमारतीवर झोके घेता येत नाहीत. उंचावरून तरंगत खाली यायला त्याच्याकडे बॅटमॅनसारखी केपही नाही. तो चालतो, धावतो, उडी मारतो, चढतो आणि लांब जायचं असेल तर बाइक काढतो. म्हणजे कोपरखैरण्यातल्या कुठल्याही माणसाला जमतं तेवढंच, फक्त थोडं जास्त. गेले कित्येक महिने आमच्या ग्रुपवर जी भांडणं चालली आहेत, त्यांच्या मुळाशी एवढीच साधी गोष्ट आहे असं माझं मत झालंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इन्सोम्नियाक या अमेरिकन स्टुडिओने सप्टेंबर 2021 मध्ये ‘मार्व्हल्स वुल्व्हरिन’ हा गेम जाहीर केला. मधे डिसेंबर 2023 मध्ये हॅकर्सनी स्टुडिओच्या सर्व्हरवरून ढीगभर माल चोरून नेटवर टाकला, त्यात या अर्धवट गेमचे तुकडेही होते. (ते मी पाहिले नाहीत. कणीक मळताना बघून पोळीबद्दल मत देऊ नये.) मग सप्टेंबर 2025 मध्ये पहिल्यांदा खरा गेमप्ले दाखवला. कॅनडातलं रान, टोकियोचे रस्ते, आणि मॅड्रिपूर नावाचं मार्व्हलच्या कॉमिक्समधलं काल्पनिक बेट. मिस्टीक दिसली, ओमेगा रेड दिसला, हातपाय तुटताना दिसले. गेम 2026 मध्ये येणार आणि फक्त पीएस5वर.

ट्रेलर संपून दहा मिनिटं झाली नसतील, ग्रुपवर पहिला मेसेज पडला: “भावा, ओपन वर्ल्ड आहे ना?”

तिथून दोन पक्ष झाले. एका पक्षाचं म्हणणं, त्याच स्टुडिओने ‘स्पायडर-मॅन’मध्ये सगळं मॅनहॅटन दिलं, दुसऱ्या भागात क्वीन्स आणि ब्रुकलिनही दिलं, मग आता पाऊल मागे का? पाच हजारांच्या आसपासचा गेम घ्यायचा आणि त्यात नुसत्या गल्ल्या? दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, नकाशावर शंभर खुणा टाकून त्या पुसत बसायचा कंटाळा आलाय, एक नीट बांधलेली गोष्ट द्या आणि मोकळे व्हा. मी दुसऱ्या पक्षात आहे, पण माझी कारणं पक्षाला फारशी पटत नाहीत.

लेव्हल डिझाइन म्हणजे नकाशाचा आकार नव्हे. भिंत कुठे, दार कुठे, दिवा कुठे लावलाय, शत्रू कुठून येणार, आणि कुणी न सांगता पुढची वाट खेळणाऱ्याला कशी दिसणार, हे सगळं ठरवणं म्हणजे लेव्हल डिझाइन. सुपरहिरोच्या बाबतीत त्यात आणखी एक अट असते. जागा त्याच्या अंगाच्या मापाची लागते. शिंपी जसं माप घेऊन कापतो, तसं.

स्पायडर-मॅनचंच घ्या. 2000च्या सुमाराच्या गेममध्ये त्याचं जाळं थेट आकाशाला चिकटायचं. वर इमारत असो नसो, हा आपला लटकतोय. 2004 मध्ये ट्रेयार्क स्टुडिओने ‘स्पायडर-मॅन 2’ काढला आणि त्यात जाळं खऱ्या इमारतीलाच चिकटायला लागलं. एवढ्या एका बदलाने सगळं शहर खेळाचं सामान झालं. इमारत उंच असली तर झोका मोठा, बुटकी असली तर पाय जमिनीला लागणार. म्हणून 2018 च्या गेममध्ये सेंट्रल पार्कात शिरलं की वेग पडतो. झाडांना लटकून काय मिळणार? आणि म्हणूनच 2023 मध्ये बुटक्या घरांचं क्वीन्स आलं, तेव्हा त्याला काखेतले पंख द्यावे लागले. जागा बदलली तसं अंग बदललं. असं काही बघितलं की मला त्या लोकांबद्दल आदर वाटतो.

आता हाच स्पायडर-मॅन आमच्याकडे आणा. हा प्रयोग आम्ही कित्येक रात्री चहावर केलाय. तीन टाकीपर्यंत तो कसाबसा येईल. टाक्या उंच आहेत, एक बरा झोका मिळेल. पुढे काय? दोन-तीन मजली रो-हाउसेसच्या रांगा. जाळं फेकलं तर कुणाच्या तरी गच्चीतल्या वाळत घातलेल्या चादरीला. पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडर-मॅन 2004 च्या कॉमिकमध्ये मुंबईत राहायचा, आणि 2023 च्या सिनेमात तर त्याला थरावर थर चढवलेलं अख्खं मुंबॅटन मिळालं. खाडी ओलांडून नवी मुंबईत तो आलेला नाही. बरोबरच आहे. इकडे त्याला रिक्षाच करावी लागेल.

आणि तरीही मी म्हणतो की कोपरखैरणं ही जबरदस्त लेव्हल आहे. फक्त ती स्पायडर-मॅनची नाही.

ज्या शहरात मी वाढलो ते आधी कागदावर काढलेलं होतं. 1960च्या दशकाच्या मध्यावर चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी कल्पना मांडली की मुंबईची गर्दी उत्तरेकडे ताणत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर वसवावं. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. एकच मोठं केंद्र न ठेवता वेगवेगळे नोड करायचे, प्रत्येक नोडला आपलं स्टेशन, आपला बाजार, आपल्या शाळा, अशी ती योजना. नोडचे पुन्हा सेक्टर. गेम बनवणारे जसं आधी करड्या ठोकळ्यांची लेव्हल रचून बघतात, रंग-रूप नंतर, तसंच. फरक एवढाच की या ठोकळ्यांच्या मधे बोनकोडे, खैरणे अशी आगरी-कोळ्यांची गावं आधीपासून होती, आणि ती कुणाच्या ठोकळ्यात बसत नव्हती. अजूनही सरळ रेषेतल्या सेक्टरातून चालता चालता गल्ली अचानक वळायला लागली, की समजायचं आपण गावठाणात शिरलो.

सेक्टरांत सिडकोने माथाडी कामगारांसाठी छोटी घरं बांधली, एकाला एक चिकटून. ऐंशीच्या दशकापासून मुंबईतले घाऊक बाजार मशीद बंदर-भायखळ्याकडून इकडे तुर्भ्याला आले, तसे हमालही आले. सातारा, सांगली, पुण्याकडची माणसं. घर छोटं, माणसं वाढत गेली, म्हणून घरावर घर चढलं. खालच्या खोलीतून वर जायला जागा नाही, म्हणून जिना बाहेरून, शिडीसारखा उभा. वर गेलं की गॅलरी, समोरच्यांची गॅलरी इतकी जवळ की वाटीभर साखर हातातून हातात जाते. त्याच्याही वर गच्ची, गच्चीवर पत्रा. या पत्र्यांवरून, कठड्यांवरून, पाण्याच्या टाक्यांमधून आम्ही लहानपणी गल्लीचं एक टोक ते दुसरं टोक जमिनीला पाय न लावता जायचो. सिडकोच्या कुठल्याही नकाशात हा रस्ता नाही. तो राहणाऱ्यांनी बनवला, आणि तोच सगळ्यात भारी रस्ता होता.

कुठल्या पत्र्यावर पाय द्यायचा आणि कुठल्या नाही, हे मात्र माहीत असावं लागायचं. खिळ्यांच्या ओळीवर द्यायचा, कारण खाली अँगल असतो. मधे दिला की गेला.

वुल्व्हरिनशी याचा संबंध आहे. मार्व्हलच्या अधिकृत मापाप्रमाणे लोगन 5 फूट 3 इंच आहे. आमच्या पप्पांपेक्षा बुटका. पण त्याच्या हाडांवर अ‍ॅडमँटियम नावाचा धातू चढवलेला असल्यामुळे वजन 300 पौंड, म्हणजे 136 किलो. सिनेमात ह्यू जॅकमन उंचापुरा असल्यामुळे ही गोष्ट सगळे विसरून गेलेत. 160 सेंटिमीटरच्या माणसात 136 किलो. हा माणूस आमच्या पत्र्यावर उभा राहिला तर खिळ्यांची ओळही वाचवणार नाही.

माझी या गेमकडून एकच मोठी अपेक्षा आहे: ते वजन जागेला कळलं पाहिजे. लाकडी जिना करकरला पाहिजे. बर्फ तडकला पाहिजे. मॅड्रिपूरच्या झोपड्यांच्या छपरावरून पळताना मागे पत्रे बसत गेले पाहिजेत, म्हणजे गेलेल्या वाटेने परत येता येणार नाही. पाण्यात पडला तर दगडासारखा तळाला जायला हवा. मग लेव्हल बनवणाऱ्याला प्रत्येक छप्पर, प्रत्येक फळी विचार करून ठेवावी लागेल, आणि खेळणाऱ्यालाही पाय टाकताना विचार करावा लागेल. चार चौरस मैलांच्या नकाशापेक्षा अशी एक गल्ली मला चालेल.

हे मला कुणी शिकवलं तर पप्पांनी, आणि तेही नकळत. पप्पा कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. एकदा घरी मित्राचा पीएस4 आणला होता, मी स्पायडर-मॅन खेळत होतो. पप्पा जेवत बसले होते. बराच वेळ बघून म्हणाले, “पोरगं झ्याक उडतंय. पन याला वजन न्हाई.”

मी म्हटलं, “पप्पा, तो हिरो आहे.”

“मंग? हिरोला बी वजन पायजे. कुठं उतरतोय ते बघतोय का तो? पाय कुठं पडला ते बघायलाच लागतं.”

पाठीवर 50 किलोची गोणी घेतलेल्या माणसासाठी बाजार हा नकाशा नसतो. ट्रकच्या फाळक्यापासून धक्क्यापर्यंत लावलेली फळी किती लवते, धक्क्याची कुठली कड तुटलेली आहे, कांद्याच्या ओल्या पाल्यावरून पाय कुठे सरकतो, थप्पी किती उंच झाली की वरची गोणी टाकताना कंबर वळवायची, असा तो लक्षात राहतो. पप्पांनी मला एकदा त्यांच्या गाळ्यापासून गेटपर्यंतचा रस्ता सांगितला होता. त्यात एकही डावं-उजवं नव्हतं. सगळा चढ, उतार, पाणी, फळी असाच होता. आणि हातात हूक. लाकडी मुठीचा, पुढे वाकडं टोकदार लोखंड, गोणीत अडकवून ओढायचा. लहानपणी मला तो घरात खेळायला मिळत नसे. खुंटीला उंच टांगलेला असायचा. वुल्व्हरिनचे पंजे पहिल्यांदा टीव्हीवर पाहिले तेव्हा मला सगळ्यात आधी खुंटी आठवली होती.

असो. विषय लेव्हलचा आहे.

ज्याला मरणच नाही त्याच्यासाठी धोका कसा बनवायचा, हा सुपरहिरो गेमचा जुना प्रश्न आहे. लोगनच्या जखमा आपोआप भरतात. सुपरमॅनला तर जखमच होत नाही, म्हणून 2006 च्या ‘सुपरमॅन रिटर्न्स’मध्ये आरोग्याची पट्टी सुपरमॅनला न देता मेट्रोपोलिस शहराला दिली होती. शहर पडलं तर तुम्ही हरलात. कल्पना हुशारीची, गेम मात्र रटाळ. त्याच्याआधी 1999 चा ‘सुपरमॅन 64’, ज्यात तो धुक्यातल्या शहरात हवेतल्या रिंगांमधून उडत बसतो. जगातल्या सगळ्यात वाईट गेमच्या यादीत तो हमखास असतो, आणि मी तो इम्युलेटरवर खेळून खात्री केली आहे. 2009 च्या ‘एक्स-मेन ओरिजिन्स: वुल्व्हरिन’ने सरळ उपाय केला: जखमा दाखवल्या. मांस फाटतं, हाड दिसतं, मग डोळ्यांदेखत भरतं. सिनेमा टाकाऊ होता, त्याच्यावरचा गेम मात्र लोक अजून आठवतात. लेव्हल्स सरळ बोगद्यासारख्या होत्या, तरी आठवतात.

त्याच वर्षी ‘बॅटमॅन: अर्कम असायलम’ आला. ओपन वर्ल्डवाल्या मित्रांना मी नेहमी हाच गेम पुढे करतो. एक बेट, त्यावर वेड्यांचं इस्पितळ, बस. सुरुवातीला दिसणारी जाळी तुम्हाला उघडता येत नाही. तासाभराने नवं हत्यार मिळतं, आणि मग तीच जाळी वाट होते. गेमच्या शेवटाकडे पॉयझन आयव्हीच्या वेली सगळं बेट गिळतात आणि पाठ झालेला रस्ता अनोळखी होतो. जागा तीच, पण तुम्ही तिथे तिसऱ्यांदा आलात हे जागेला माहीत असतं. आमच्या निसर्ग उद्यानाच्या जागी पूर्वी कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं. ज्यांनी ते पाहिलंय ती माणसं तिथल्या टेकाडावर नातवंडांना घेऊन बसतात तेव्हा त्यांना एकाच वेळी दोन लेव्हल दिसत असणार.

फॅन लोकांचं एक मान्य केलं पाहिजे, त्यांना काय हवंय ते कळत असतं, पण ते मागताना भलतंच मागतात. 2018 मध्ये ‘स्पायडर-मॅन’ येण्याच्या तोंडावर कुणीतरी आधीच्या डेमोचं चित्र आणि नवं चित्र शेजारी ठेवलं. नव्यात एका बांधकामाच्या जागेवरचं पाण्याचं डबकं छोटं झालं होतं. झालं! ग्राफिक्स उतरवले, फसवलं, म्हणून जगभर बोंब. त्या प्रकरणाला ‘पडलगेट’ असं नावही पडलं. स्टुडिओने सांगितलं की फक्त डबक्याचा आकार बदललाय, बाकी काही नाही. आणि पुढे गेमच्या फोटो मोडमध्ये डबक्यांचे स्टिकर टाकले, घ्या किती हवी तेवढी डबकी. मला हा विनोद फार आवडला. जुलैमध्ये आमच्या स्टेशनबाहेर या, मूळ आकाराची सगळी डबकी आहेत.

पण त्या बोंबेमागे काहीतरी खरं होतं. लोकांना त्या डेमोमधली जागा आवडली होती. ओली, खरी, कुणीतरी आत्ताच चालून गेल्यासारखी. तसं सांगता येत नाही म्हणून माणूस डबकं मोजतो. तसंच ‘मॅप किती मोठा?’ विचारणाऱ्याला चौरस मैल नको असतात. आपल्याला लवकर हाकलून देऊ नका, एवढंच तो म्हणत असतो.

आता आमच्याकडे हे हाकलून देणं अगदी अक्षरशः घडतं. पीएस5 भारतात फेब्रुवारी 2021 मध्ये आला तेव्हा किंमत 49,990 रुपये होती, नंतर ती वाढली. माझ्या ओळखीत घरात पीएस5 असलेली दोन माणसं आहेत. बाकीचे आम्ही गेमिंग पार्लरला जातो. तळमजल्यावरचा एक गाळा, काळ्या फिल्मची काच, आत एसी, चार टीव्ही. तासाला 80 रुपये, चार जण वाटून घेतले तर 20. काउंटरवरचा दादा वहीत वेळ लिहितो आणि तास भरला की खांद्यावर हात ठेवतो. तो हात खांद्यावर पडतो तेव्हा तुम्ही बॉसच्या मधे असलात तरी उठावं लागतं. सेव्ह फाइल सगळ्यांची एकत्र, त्यामुळे परवा तुम्ही जिथे थांबलात तिथून काल दुसऱ्याच कुणीतरी पुढे नेलेलं असतं.

तासाच्या हिशेबाने खेळणाऱ्याच्या डोळ्यांनी ओपन वर्ल्ड बघा. 20 मिनिटं नुसती मोहिमेपर्यंत पोचण्यात. वाटेत कबुतरं पकडा, बॅगा गोळा करा, टॉवर दुरुस्त करा. मीटर चालूच. ग्रुपमधला जो मित्र सगळ्यात मोठ्याने ओपन वर्ल्ड मागतो त्याच्या घरी पीएस5 आहे, हा योगायोग नाही. मी त्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, “मग तुम्ही या ना घरी.” चांगला मुलगा आहे. पण मुद्दा तो नाही. मला अशी लेव्हल हवी जिच्यात एका तासात एक पूर्ण काहीतरी होईल. एक दार, एक शोध, एक मारामारी, एक सुटका. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम 2020 मध्ये आला, तो असा होता. सर्कशीत कसरती करणारी मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधतेय, आणि राजस्थानी किल्ल्यासारख्या जागा: खांब आला की ती त्याला गिरकी घेणार, भिंत आली की भिंतीवरून धावणार. जागा कसरतपटूच्या मापाची कापलेली. गेम छोटा आहे म्हणून लोकांनी नावं ठेवली. मला त्यातला एक एक चौक अजून आठवतो, आणि मोठ्या मोठ्या गेममधले शंभर चौक आठवत नाहीत.

वासाचंही बोललं पाहिजे. लोगनचं नाक कुत्र्यासारखं आहे. बहुतेकांची अपेक्षा अशी की बटण दाबलं की पडदा करडा होईल आणि वासाची चमकती रेघ दिसेल, तिच्या मागे मागे चालत जायचं. तसं झालं तर मला वाईट वाटेल. हल्ली आधीच चढता येणाऱ्या कड्याला पिवळा रंग फासायची पद्धत पडली आहे, त्यावरून ‘रेसिडेंट इव्हिल 4’च्या नव्या आवृत्तीच्या वेळी केवढा वाद झाला होता. चमकती रेघ म्हणजे नाकाला फासलेला पिवळा रंग. वास असा नसतो. ठाण्याहून शेवटच्या लोकलने येताना मी डोळे मिटून सांगू शकतो की कुठे आलो. रबाळ्याच्या पुढे-मागे कारखान्यांचा आंबट, घशाला लागणारा वास. ओहोटी असेल तर घणसोलीच्या बाजूने खाडीचा चिखल. पण वारा फिरला की सगळं बदलतं, खाडी घरात येते आणि कारखाना गायब. वासात दिशा असते आणि ती फसवते. गेममध्ये वारा ठेवा, पाऊस ठेवा, पावसाने माग धुऊन जाऊ दे. खेळणारा चुकेल. चुकू दे की.

सगळ्यात जास्त धाकधूक मात्र मॅड्रिपूरची आहे. कॉमिक्समध्ये 1985 पासून असलेलं हे आग्नेय आशियातलं बेट, त्याचे दोन भाग: हायटाउन आणि लोटाउन. वर काचेचे मनोरे आणि खाली गुंड, दारूचे गुत्ते, चिखल. लोगन तिथे एका डोळ्यावर पट्टी बांधून ‘पॅच’ या नावाने वावरतो. (पट्टी बांधल्यावर त्याला कुणी ओळखत नाही, यावर विश्वास ठेवायचा असतो.) भीती ही की लोटाउन म्हणजे निऑनच्या पाट्या, वाफेची भांडी, आणि मारायला उभी केलेली माणसं. आपल्यासारख्या वस्त्या गेममध्ये आल्या की असंच होतं, माणसं रंगासाठी असतात.

‘हिटमॅन 2’ने 2018 मध्ये मुंबई केली होती. त्यात झोपडपट्टी आहे, धोबीघाट आहे, सिनेमाचा सेट आहे, अर्धवट बांधलेला टॉवर आहे, म्हणजे बाहेरच्या माणसाला सुचेल ते सगळं आहे. तरी तो भाग मला आवडतो, कारण त्यातली वाट कामावरून ठरते. एजंट 47 ने शिंप्याचे कपडे घातले तर एक दार उघडतं, धोब्याचे घातले तर दुसरं. तीन शिकारींपैकी एकाचा चेहराच माहीत नसतो, गर्दीतून हुडकावा लागतो. मुंबईबद्दल बनवणाऱ्यांना एवढं नक्की कळलं होतं की इथे भिंतीपेक्षा कपडे जास्त अडवतात.

आमच्या ग्रुपमधला एक जण फूड डिलिव्हरी करतो. लेव्हल डिझाइनबद्दल त्याच्याएवढं कुणालाच कळत नाही, असं मी आता उघड म्हणतो. रुळांपलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून काचेच्या कंपन्या आहेत. आमच्या गच्चीवरून रात्री त्या दिसतात, डिस्नेलँडमध्ये जसा कुठूनही किल्ला दिसेल असा बांधलाय तशा. आमच्यापैकी कुणी आत गेलेलं नाही, हा जातो. कुठल्या गेटला पार्सल ठेवून घेतात, कुठे वर जाऊ देतात, कुठल्या सोसायटीत डिलिव्हरीवाल्याला मागची लिफ्ट, कुठल्या वॉचमनला “काका” म्हटलं की गेट उघडतं आणि कुठल्या वॉचमनला नाही, हे सगळं त्याला पाठ आहे. टी-शर्ट काढून तोच मुलगा त्याच गेटला गेला तर वॉचमन त्याला आत सोडत नाही. त्याचं मॅड्रिपूरबद्दलचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. “लोटाउन किती मोठं असेल ते सोड. लोटाउनचा माणूस हायटाउनला कामाला जातो की नाही ते दाखवलं पाहिजे. जात असणारच ना. भांडी कोण घासतं तिथं? तो ज्या दारानं जातो, त्या दारानं वुल्व्हरिनला घुसव.”

यावर ओपन वर्ल्डवालाही दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, “पण मग मॅप तरी मोठा लागेल ना.”

पप्पांना मी ट्रेलर फोनवर दाखवला. आता ते घरीच असतात, गुडघे गेलेत, गच्चीवर यायला जिना चढवत नाही म्हणून खालीच खुर्ची टाकून बसतात. हातपाय तुटायचा भाग पुढे ढकलला, त्यांना असलं आवडत नाही. लोगन बर्फातून चालत येतो तिथे त्यांनी थांबवायला लावलं आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

“ह्यो जरा वजनाचा वाटतोय,” म्हणाले. मग, “कितीचा असंल?”

“136 किलो.”

“एकट्याचं?” त्यांनी पुन्हा बघितलं. “गुडघं जातील त्याचं.”

मी म्हटलं, त्याचे गुडघे आपोआप बरे होतात. पप्पांनी फोन परत दिला आणि काही बोलले नाहीत.

पार्लरच्या दादाने गेम आल्या दिवशी आणायचं कबूल केलंय. पहिल्या दिवशी तासाऐवजी अर्ध्या अर्ध्या तासाचे नंबर लावणार म्हणतो, कारण गर्दी होईल. आम्ही पाच जणांनी सलग पाच नंबर धरायचं ठरवलंय, म्हणजे फाइल आपल्यातच राहील आणि अडीच तास कुणी मधे घुसणार नाही. कोण कितवा हे अजून ठरायचंय. मला पहिला नंबर नकोच आहे, सुरुवातीला सगळे गेम कुठलं बटण कशाला हेच शिकवत बसतात. तिसरा मिळाला तर बरा. तोपर्यंत तो कुठल्यातरी छपरावर चढलेला असेल.